कोल्हापूर ते नागपूर किती मिनिटं? विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

कोल्हापूर ते नागपूर अंतर किती, याची आमच्या घरात तीन उत्तरं आहेत. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. ते महाराष्ट्र एक्सप्रेसच्या हिशेबाने बाराशेच्या वर सांगतात, कारण ती गाडी पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून विदर्भात शिरते. आमच्या ह्यांना गाडी चालवायची हौस. ते सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असं बोटांवर मोजत सव्वाआठशेच्या आसपास येतात. मी शाळेत भूगोल शिकवते आणि माहेर नागपूरला धरमपेठेत, त्यामुळे माझं उत्तर सातशे. तिघंही बरोबर आहोत. रूळ, डांबर आणि हवा या तीन वेगळ्या वाटा आहेत.

विमानाला किती वेळ लागणार, हे विचारणारे मात्र आकडा एकच मागतात. शेजारच्या काकू विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात, आणि नागपूरहून आई तर तिकीट काढायच्या आधीच विचारते. नुसतं इंटरनेटवर शोधलं की ‘उड्डाण वेळ १ तास २२ मिनिटे’ असं काहीतरी ठामपणे लिहिलेलं सापडतं. ते कुठल्या विमानाचं, कुठल्या ऋतूतलं, काही पत्ता नसतो. बहुतेक अशा पानांवर अंतराला एका ठरावीक वेगाने भागलेलं असतं, बस्स. तो भागाकार आपणही करू शकतो, आणि नीट करू शकतो. आठवीच्या मुलांकडून मी हे करून घेते. वही, पेन आणि वर्गमूळ काढणारा मोबाईल एवढं पुरतं.

पहिलं काम: विमानतळ नेमका कोणता ते ठरवा

हे वाटतं तितकं साधं नाही. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर तीन अक्षरी कोड टाकावा लागतो आणि आपल्याला सवय रेल्वेच्या कोडची. कोल्हापूरचा रेल्वे कोड केओपी, विमानतळाचा केएलएच. विमानतळाच्या रकान्यात केओपी टाकलंत तर थायलंडमधलं नाखोन फानोम उघडेल. नागपूरचं रेल्वेत एनजीपी, विमानात एनएजी. एनजीपी टाकलंत की थेट टेक्सासमधला अमेरिकन नौदलाचा तळ. वर्गात कुणीतरी दरवर्षी कोल्हापूर-नागपूर अंतर हजारो किलोमीटर काढून आणतं, त्याचं कारण बहुधा हेच. आपल्याकडचे आणखी थोडे सांगून ठेवते: नांदेड एनडीसी, शिर्डी एसएजी, नाशिकचं ओझर आयएसके, जळगाव जेएलजी, सिंधुदुर्गचं चिपी एसडीडब्ल्यू, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू. बेळगावचं सांबरा आयएक्सजी.

कोडवरून मिळालेलं अंतर घेऊन थांबलात तरी चालेल. पण एकदा स्वतः काढून बघा. त्याशिवाय पुढचा वेळेचा भाग नीट उमगत नाही.

दुसरं काम: अक्षांश आणि रेखांश

गूगल नकाशात विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात. अधिकृत आकडे हवे असतील तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या दस्तऐवजात प्रत्येक विमानतळाच्या संदर्भबिंदूचे असतात. तिथे ते सलग लिहिलेले दिसतात, म्हणजे २१०५३२ असं काही आलं तर ते २१ अंश ५ मिनिटं ३२ सेकंद असं सोडवून वाचायचं.

मी जवळच्या मिनिटापर्यंत घेते:

कोल्हापूर (उजळाईवाडी): १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व.
नागपूर (सोनेगाव): २१ अंश ६ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३ मिनिटं पूर्व.

इथे एक खड्डा आहे आणि निम्मा वर्ग त्यात पडतो. १६ अंश ४० मिनिटं म्हणजे १६.४० नव्हे. अंशाची साठ मिनिटं असतात, म्हणून ते १६.६७ झालं. सगळे आकडे दशांश समजून तसेच गणितात टाकले तर उत्तर पंचवीस किलोमीटरने फुगतं. उत्तर अगदीच वेडंवाकडं आलं असतं तर शंका तरी आली असती. सव्वासातशे आलं की कुणाला संशयही येत नाही. गूगल मात्र दशांशातच आकडे देतं, तेव्हा दोन ठिकाणचे आकडे मिसळू नका.

तिसरं काम: गणित

यातली गंमत मला शिकवताना अजूनही येते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवरचा जवळजवळ एक सागरी मैल. सागरी मैलाचा जन्मच मुळी त्या मापातून झाला. आता तो १.८५२ किलोमीटर असा ठरवून दिलेला आहे. वैमानिक आणि खलाशी आजही सागरी मैलांत मोजतात ते याचसाठी: नकाशावरच्या मिनिटांचं थेट अंतर होतं.

तर उत्तर-दक्षिण फरक: २१ अंश ६ मिनिटं वजा १६ अंश ४० मिनिटं, म्हणजे ४ अंश २६ मिनिटं. सगळी मिनिटं केली की २६६. हे झाले २६६ सागरी मैल.

पूर्व-पश्चिम फरक: ७९ अंश ३ वजा ७४ अंश १७, म्हणजे ४ अंश ४६ मिनिटं, एकूण २८६. हे मात्र थेट मैल नाहीत. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सगळ्यांत लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात. म्हणून या आकड्याला दोन ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. आपला मधला अक्षांश १८ अंश ५३ मिनिटं, कोसाइन ०.९४६. गुणाकार २७०.६.

आता पायथागोरस. २६६ चा वर्ग अधिक २७०.६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३७९. म्हणजे ३७९ सागरी मैल, किलोमीटरमध्ये ७०२.

कोसाइन बघायचा कंटाळा असेल तर महाराष्ट्रापुरतं ०.९५ पाठ करून टाका. चिपीपासून गोंदियाच्या बिरसीपर्यंत कुठेही वापरा. आपल्या गणितात त्याने जेमतेम एका मैलाचा फरक पडतो.

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोणाचं गणित कसं चालतं, असं कुणीतरी विचारतंच, आणि विचारावंच. सातशे-हजार किलोमीटरपर्यंत, आपल्या अक्षांशांवर, गोलाईचा फरक नगण्य असतो. मुंबईहून नेवार्कला मुलाकडे जाणाऱ्यांनी मात्र हे गणित वापरू नये. त्या दोन शहरांमधली सगळ्यांत जवळची वाट नॉर्वे आणि आइसलंडवरून, जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत वर जाते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती कधीच सापडणार नाही. तिथे पृथ्वीगोल आणि दोरा घ्या, नाहीतर ग्रेट सर्कल मॅपरसारखं संकेतस्थळ.

ताळा करायचा असेल तर रस्त्याचं अंतर घ्या आणि भागा. सव्वाआठशे भागिले ७०२ म्हणजे १.१८ च्या आसपास. आपल्याकडे घाट नसलेल्या लांबच्या रस्त्यांना हा आकडा साधारण १.१५ ते १.३ मध्ये पडतो. १.०५ किंवा १.८ आला तर कुठेतरी मिनिटं चुकली आहेत असं समजा.

आणि हाताशी कागद आहेच तर दिशाही काढून ठेवा. उत्तरेकडे २६६, पूर्वेकडे २७१, जवळजवळ सारखेच. म्हणजे कोल्हापूरहून नागपूर अगदी नेमकं ईशान्येला. वाऱ्याच्या हिशेबात ही दिशा लागणार आहे.

आता वेळ, आणि खरा घोळ इथून पुढे

पहिला प्रश्न: विमान कोणतं? तिकीट काढताना तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. छोट्या विमानतळांवर आपल्याला प्रामुख्याने दोन जाती भेटतात. एक एटीआर ७२, पंखे फिरणारं. अलायन्स एअर आणि इंडिगो दोघांकडेही आहे. त्याचा वेग ताशी २७० सागरी मैलांच्या, म्हणजे ५०० किलोमीटरच्या आसपास. ते पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही. दुसरी जात छोट्या जेटची. घोडावत समूहाची स्टार एअर ७६ आसनांचं एम्ब्रेअर १७५ वापरते. जेटचा वेग ताशी ४३० सागरी मैल धरा, ८०० किलोमीटर.

नुसता भागाकार केला तर नागपूरला एटीआर ८४ मिनिटांत आणि जेट ५३ मिनिटांत. ही वेळ कुणालाही कधीही मिळत नाही. चढताना विमान पूर्ण वेगात नसतं, उतरताना नसतं, आणि दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची मर्यादा असते. शिवाय विमानं हवेत आखलेल्या मार्गांनी, ठरलेल्या बिंदूंवरून जातात. सरळ रेषेपेक्षा थोडी लांब वाट होते.

माझा ठोकताळा असा: एटीआरला १० मिनिटं, जेटला १५ मिनिटं हवेतली जादा. जेटला जास्त का, तर त्याला वर जायचंच जास्त असतं आणि गमावलेला वेगही मोठा असतो. त्यावर जमिनीवरचं धावणं: दोन्ही विमानतळ मोकळे असतील तर मिळून १० मिनिटं. एका टोकाला मुंबई असेल तर किमान २०, आणि आकाशात रांग लागली तर देव जाणे.

म्हणजे नागपूरला एटीआर ८४ अधिक १० अधिक १०, १ तास ४४ मिनिटं. जेट ५३ अधिक १५ अधिक १०, १ तास १८ मिनिटं. वेळापत्रकात जेटची वेळ १ तास २५ ते दीड तास दिसली तर दचकू नका. ती दरवाजा बंद होऊन विमान हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते, आणि त्यात थोडी मोकळी मिनिटं कंपनीने मुद्दाम घातलेली असतात. म्हणून तर अर्धा तास उशिरा निघालेलं विमान कधीकधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं.

आता हेच गणित कोल्हापूर-मुंबईला लावून बघा. मुंबई १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. फरक १४५ आणि ८५. ८५ ला ०.९५ ने गुणून ८१. उत्तर १६६ सागरी मैल, ३०८ किलोमीटर. एटीआरला भागाकाराने ३७ मिनिटं, जेटला २३. जादा मिनिटं मिळवली की ४७ आणि ३८. नागपूरला जेटने २६ मिनिटं वाचवली होती, मुंबईला ९. अंतर कमी झालं की वेगाची किंमत उतरते. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर कंपन्या पंख्याचं विमान का लावतात, याचं अर्धं उत्तर या नऊ मिनिटांत आहे. बाकीचं अर्धं इंधनात. ‘पंख्याचं विमान आहे हो, जुनं असेल’ असं म्हणत दुसरं तिकीट शोधणाऱ्या लोकांना मी हे गणित दाखवते. पटतं की नाही माहीत नाही.

वारा

पुष्कळ पानांवर हा भाग नसतोच, आणि माझ्या मते तो सगळ्यांत रंजक.

हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंचावर वारा पश्चिमेकडून वाहतो. समजा जेटच्या उंचीवर तो ५० नॉटचा आहे. आपण ईशान्येला चाललोय, म्हणजे वारा थेट पाठीवर नाही, ४५ अंशांतून तिरपा. ५० ला ०.७ ने गुणा: ३५ नॉटची मदत. जेटचा जमिनीवरचा वेग ४६५ झाला, ५३ ऐवजी ४९ मिनिटं. परत येताना तेच ३५ वजा होतात: ३९५ नॉट, ५८ मिनिटं. जाता-येता नऊ मिनिटांचा फरक. जानेवारीत नागपूरहून परतताना वैमानिक काही हळू चालवत नसतो.

एटीआर खालच्या थरातून जातं, तिथे वारा निम्मा धरा, २५ नॉट. मदत १८ची. जाताना ७९ मिनिटं, येताना ९०. वारा निम्मा असूनही फरक अकरा मिनिटांचा पडला. ज्याचा स्वतःचा वेग कमी, त्याला वारा जास्त लागतो.

पावसाळ्यात सगळं उलटंपालटं होतं. आपल्याला जमिनीवर कळतो तो नैर्ऋत्य-पश्चिमेचा मोसमी वारा. पण तो साधारण सहा किलोमीटर उंचीपर्यंतच. त्याच्या वर जुलै-ऑगस्टमध्ये हवा पूर्वेकडून वाहायला लागते, आणि आणखी वर, चौदा-पंधरा किलोमीटरच्या आसपास, दक्षिण भारतावर एक जोरदार पूर्वेचा प्रवाह तयार होतो. त्याला उष्णकटिबंधीय पूर्वीय जेट प्रवाह म्हणतात. त्याचा अभ्यास आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मांडला. तर श्रावणात उंचावरून नागपूरला जाणाऱ्या जेटच्या नाकावर वारा येतो आणि कोल्हापूरला परतताना पाठीशी असतो, हिवाळ्याच्या बरोबर उलट. एटीआरची उंची नेमकी या दोन थरांच्या सांध्याजवळ पडते, त्यामुळे त्याला पावसाळ्यात वाऱ्याचा फारसा लाभही नाही आणि तोटाही नाही. ढगांचे वळसे मात्र दोघांनाही.

वाऱ्याचा आणखी एक पैलू जमिनीवर आहे. धावपट्टीच्या टोकाला लिहिलेल्या अंकापुढे शून्य लावलं की दिशा मिळते. कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५, म्हणजे एका बाजूने ७० अंश, दुसऱ्या बाजूने २५०. विमान वाऱ्यावर तोंड करून उडतं. वारा पूर्वेचा असेल तर ७० अंशांवर उडालं की ४५ वर यायला जरासं डावीकडे वळलं की झालं. पश्चिमेचा वारा असेल तर आधी २५० वर, नागपूरकडे जवळजवळ पाठ करून उडायचं आणि मग दीडशेहून जास्त अंश वळायचं. खिडकीत बसलेली मंडळी तेव्हा हमखास म्हणतात, हे कुठं निघालं? दोन-तीन मिनिटं तिथे जातात. नागपूरची धावपट्टी १४-३२, आपल्या येण्याच्या दिशेला जवळजवळ काटकोनात, म्हणजे तिथे कुठल्याही बाजूने उतरायचं तरी मोठं वळण आहेच. मी जेटला १५ मिनिटं जादा धरते ती या मार्गावर फार वाटत नाहीत ती यामुळे.

पैशाचं थोडं

अंतर काढून तिकिटाचा अंदाज बांधता येतो का? फारसा नाही. उडान योजना आली तेव्हा साधारण ५०० किलोमीटर, एक तासाच्या उड्डाणाला २५०० रुपये अशी मर्यादा बोलली गेली होती. अंतराच्या टप्प्यांनुसार ती ठरायची, आणि तीही विमानातल्या काही आसनांपुरती. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेतली पहिली उड्डाणं झाली त्यात सिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. नांदेड-हैदराबाद हवेतून जेमतेम अडीचशे किलोमीटर. एरवीचं भाडं मागणीवर चालतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तीनशे किलोमीटरही सातशेपेक्षा महाग पडतात.

घरातून घरापर्यंत

आईला खरं तर उड्डाणाची वेळ नको असते. तिला हवं असतं, वरणाला फोडणी कधी द्यायची. म्हणून शेवटी हा हिशेब.

राजारामपुरीतून उजळाईवाडीला अर्धा तास धरा, वाटेत शाळा सुटत असेल तर थोडं जास्त. विमानतळ छोटा आहे म्हणून अर्धा तास आधी पोचलं तरी चालतं, हा समज काढून टाका. देशांतर्गत विमानांची चेक-इन खिडकी बहुतेक कंपन्यांत तासभर आधी बंद होते आणि विमानाचं दार ठरल्या वेळेच्या वीसेक मिनिटं आधी. मी दीड तास आधी पोचते. मग वेळापत्रकातली ८५ मिनिटं. उतरून, बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत २५. सोनेगावहून धरमपेठेत ४० मिनिटं, वर्धा रोडला गर्दी असेल तर. मेट्रोचं एअरपोर्ट स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. बॅग जड असेल तर रिक्षाच बरी.

बेरीज २७० मिनिटं, साडेचार तास. ७०२ किलोमीटर साडेचार तासांत म्हणजे ताशी दीडशेच्या थोडं वर. आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाचा खरा वेग हा.

आता मुंबई. तोच अर्धा तास, तोच दीड तास, उड्डाण साधारण तास, बॅग २५, आणि विमानतळाहून दादरला तासभर. बेरीज २६५. अंतर निम्म्याहून कमी आणि वेळ पाच मिनिटांनी कमी. म्हणून नणंदेकडे दादरला जायचं असेल तर आम्ही रात्रीची महालक्ष्मी पकडतो, झोपेत पोचतो. नागपूरसाठी मात्र विमानाला तोड नाही.

थेट विमान आठवड्यातून सगळे दिवस असेलच असं छोट्या मार्गांवर कधी धरू नका. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सुट्टीचं तिकीट या तारखांच्या पलीकडचं असेल तर वेळ आणि वार पुन्हा तपासा. थेट नसलं की मुंबईमार्गे जावं लागतं: ३०८ अधिक मुंबई-नागपूरचे ६८३, मिळून ९९१. हवेतली मिनिटं फार वाढत नाहीत, पण मधली बसून राहण्याची वेळ दोन-तीन तास खाते. दोन तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची काढलीत तर मुंबईत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, कदाचित टर्मिनल बदलूनही. अशा वेळी मी तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवत नाही. घरच्यांना ते फार वाटतं. वाटू दे.

शेवटचा ताळा फुकट आहे. फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं याची यादी दिसते. उडाल्यापासून उतरेपर्यंतचा फरक काढा आणि आपल्या गणिताशी ताडून बघा. जमिनीवरची दहा मिनिटं त्यात नसतात हे लक्षात ठेवून. पाच-सात मिनिटांच्या आत जुळलं तर गणित बरोबर. त्याहून जास्त फरक रोजच दिसत असेल तर आधी विमानाचा प्रकार बघा, जेटच्या जागी एटीआर लावलेलं असू शकतं. प्रकार तोच असेल तर त्या दिवसांतल्या वाऱ्याची दिशा बघा. आणि यादीत उशीर रोजचाच दिसला, तर आईला फोडणीची वेळ त्या हिशेबाने सांगा.